एकेचाळिसावा आठवडा

घटस्फोटास नऊ वर्षे उलटली, तरी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरील एका रिसॉर्टमध्ये दरवर्षी एकेचाळिसावा आठवडा राहण्याचा, पूर्वी विकत घेतलेला हक्क विल्फ्रेड आणि डोरीन या दोघांच्या नावे सामाईकच राहिला होता. करारातून सुटका नव्हती आणि वार्षिक शुल्क तर भरावेच लागे. मग हक्क तरी का सोडावा, असे म्हणत दोघेही दर ऑक्टोबरात इंग्लंडातील आपापल्या गावांहून येत आणि दोन स्वतंत्र खाटांच्या एकाच खोलीत आठवडाभर भांडत. यंदा मात्र रिसॉर्टच्या कारकून बाईने एक कागद पुढे सरकवला.

"शुल्क वाढतंय. राहायचं असेल तर खाली लिहा, वाढीव पैशांत कोणती सोय हवी ते. सोडायचं असेल तर यंदापासून तीही मुभा आहे, वर दोघांच्या सह्या करा."

"सोय कसली डोंबलाची!" डोरीन कडाडली. "टॉवेल बघितलेत का तुमचे? आरपार दिसतं त्यातून. कर रे सही, विल्फ. सुटू एकदाचे."

विल्फ्रेडने पेन उचलले. सही केली की हा आठवडा संपला, आणि डोरीनचे दर्शनही संपले. 'थांब' हा एकच शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला. परंतु नऊ वर्षांचा अहंकार आडवा आला.

"मला काय, आनंदच आहे," असे म्हणून त्याने सही केली.

डोरीनने कागद ओढून घेतला. एरवी ठसठशीत असणारी त्याची सही आज वेडीवाकडी उमटली होती, हे तिने पाहिले. मग तिने त्याच्या सहीवर आडवी रेघ मारली आणि खालच्या रकान्यात लिहिले, "दोन खाटा काढा. एक मोठा पलंग द्या."