इंग्रजीत बोलून दाखव

२०१४ साली लाखनीला माझा भाऊ धनीराम याच्या मुलीला, हर्षाला पाहायला पाहुणे आले. सहा स्थळं परत गेली होती, हे सातवं. पोहे झाल्यावर मुलाचे वडील म्हणाले, "बेटा, थोडंसं इंग्रजीत बोलून दाखव न."

हर्षा उठून उभी राहिली. 'हेट' कोणालाही कळतो, म्हणून तो तिनं टाळला. 'लोद', 'डिटेस्ट', 'अ‍ॅभॉर' घालून तिनं चार वाक्यं म्हटली. या माणसाची मला किळस येते, हे लग्न मला नको, असा त्यांचा अर्थ. हे शब्द तिला शाळेत मीच शिकवले होते, आणि ती माझ्याकडेच पाहत होती.

मुलगा कौतुकानं हसला. त्याची आई म्हणाली, "पोरगी तं फाडफाड बोलते! काय म्हणून राहिली, मॅडम?"

धनीराम माझ्याकडे पाहत होता.

"म्हणते, माणसं आवडली," मी म्हणाले.

धनीराम आता नाही. जावयाचं खताचं दुकान जोरात चालतं. परवा हर्षाला मी म्हटलं, तुझ्या मुलीला इंग्रजी शिकवते.

"कायले, आत्या? वेळेवर कामी येत नाही."