मिठाचं विचारणं

पत्ताकोबी घ्यावी तर कस्तुराबाईनंच. लोहा गावच्या बाजारात ती दहा गड्डे हातात तोलायची, अंगठ्यानं दाबून बघायची आणि त्यातला घट्ट, जड असा एकच उचलायची. घरी आल्यावर पेपरात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला की पंधरा दिवस त्याचं एक पान सुकायचं नाही. हरभऱ्याची डाळ घालून केलेली ती भाजी शेषेराव चाटूनपुसून खायचे. कस्तुराबाई मात्र चवीपुरतीही तोंडात घालायची नाही. सात वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक आदिनाथ बापाशी भांडून घर सोडून गेला, तेव्हा तिनं माहूरच्या आईपुढं आपल्या आवडीची कोबी सोडली होती. पोरगं परत उंबऱ्याच्या आत येईल, त्याच दिवशी खाणार. म्हणून दर खेपेला नवऱ्याला ताट वाढलं की ती विचारायची, "मीठ बघा हो, बरोबर हाय का?"

आज तिनं विचारलं नाही. शेषेराव हात धुऊन आले, तर ती आधीच जेवायला बसलेली आणि तिच्या ताटात कोबीची भाजी.

"आला? आदिनाथ आला का गं?" म्हणत ते ओल्या हातानंच दाराकडं धावले. अंगणात कुणी नव्हतं. पार रस्त्याच्या वळणापर्यंत कुणी नव्हतं.

ते माघारी वळले, तेव्हा ती खाली मान घालून सावकाश घास चावत होती.

"या, बसा," ती म्हणाली. "मीठ बरोबर हाय."