डिंकाचे लाडू कुठे गेले

दवाखान्यात यंत्राच्या खुर्चीत डोळे मिटून पडलेल्या शालनच्या अंगातली चरबी हळूहळू वितळत होती. चरबीचा प्रत्येक थेंब वितळताना, तो ज्या घासामुळे साठला होता त्या घासाची चव तिच्या जिभेवर सोडून जात होता. नवऱ्याच्या बढतीचे पेढे आले, तरंगत निघून गेले. मग कुठल्याशा लग्नातली जिलबी आली. वजन कमी झालं काय, न झालं काय, शालनला सारखंच होतं. तिला फक्त बाळंतपणात आईने खाऊ घातलेले डिंकाचे लाडू हवे होते. आई गेल्यापासून तसे कुणालाच जमले नव्हते.

यंत्र थांबलं.

"काकू, त्या लाडवांचं तूप तुमच्यात उरलंच नाही," डॉक्टर किणी म्हणाल्या. "बाळाला अंगावर पाजलं होतं ना? ते सगळं दुधातून तिकडे गेलं."

बाहेर एकुलती एक लेक ऋजुता वाट बघत होती. "झालं का गं आई? आता मीही नाव घालते. दंड बघ कसे सुटलेत!"

शालनने तो दंड दोन्ही हातांनी धरला, गाल टेकवला आणि डोळे मिटले.

"खबरदार, यातला थेंबभर जरी वितळवलास तर!"