घरबसल्या कडा

वीरेशचं हेल्मेट अप्पांनी भंगारवाल्याला देऊन टाकलं. असं कुणी सांगितलं तर तसं काही झालेलं नाही. हेल्मेट चौसाळ्याच्या घरात टीव्हीशेजारीच होतं आणि वीरेश त्यात पेचकस घालून बसला होता.

ही त्याची दुसरी खेप. पहिलं हेल्मेट त्यानं मागं कुठल्याशा मासिकात अमेरिकेतल्या यंत्राचा फोटो बघून केलं होतं. डोक्यात घातलं की माणूस बसल्या जागी दुसऱ्या गावाला जातो, असं त्या फोटोखाली लिहिलं होतं. त्याचा दोस्त सिदूनं ते घातलं आणि गावाला न जाता मोरीत गेला, ओकायला. "हे काय केलंस बे," एवढंच तो म्हणाला. हेल्मेट माळ्यावर गेलं. मग गल्लीत केबल आली, एका चॅनलवर तसलंच यंत्र दिसलं आणि वीरेशनं माळ्याला शिडी लावली.

या वेळी आत जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांचे दोन इवलेसे पडदे होते, पुढं भिंगं, मागं व्हीसीआरला जाणारी वायर. आवाज नव्हता.

"ह्यात दिसतं काय?" अप्पांनी विचारलं. अप्पा म्हणजे वडील, मन्मथप्पा. कापडाचं दुकान त्यांचं.

"पाहिजे ते, अप्पा."

"गिऱ्हाइकाला पाहिजे ते दाखवता येईना तुला, अन् हे! घरात एका माणसाच्या तरी उपयोगाला येऊ दे. न्हाईतर दिवाळीच्या आत भंगारात."

वीरेशनं एकच माणूस धरला, बायको. शिवांजलीचं माहेर कडा. लग्न झाल्यापासून तिचं जाणं पापडांमुळं, पाहुण्यांमुळं पुढंच ढकललं जात होतं. वीरेश कॅमेरा घेऊन एकटाच सासुरवाडीला गेला आणि दार, अंगण, गोठा, हात हलवणारी मेव्हणी स्वप्नाली, सगळं टेपवर घेऊन आला.

रविवारी सकाळी शिवांजलीनं हेल्मेट घातलं. मान इकडं-तिकडं वळवली.

"दिसतंय का?"

"सपनी लई वाळली हो," ती आतून म्हणाली.

वीरेशला रडू येणार होतं. त्यानं वायर हलवून बघितली.

मग दुपारी बाप-लेक दुकानात असले की ती रोज कड्याला जायला लागली. उमाबाईंना, म्हणजे सासूला, हे पटेना.

"सून समोर बसलीया, अन् हाक मारली तर म्हणती, आत्या, मी कड्याला हाय!"

पण माहेरी गेलेल्या सुनेला काम सांगायचं कसं, हा पेच होताच. शेवटी एका दुपारी त्यांनी स्वतःच हेल्मेट डोक्यात घातलं. त्या संध्याकाळी त्या कुणावरच ओरडल्या नाहीत.

"आई, कसं वाटलं?"

"हौद काठोकाठ भरलाय रे," उमाबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

कड्याच्या घरी हौद असल्याचं वीरेशला आठवेना. आपल्याला दिसलं नाही तेही कॅमेऱ्यानं टिपलं, या आनंदात त्याला जेवण गेलं नाही.

शेजारच्या बायनाबाई आल्या. त्यांना पेरूचं झाड दिसलं. नव्या आरक्षणात ग्रामपंचायतीवर निवडून आलेल्या रतनबाई आल्या, त्यांना त्यांची म्हैस दिसली. दुपारी दारात चपलांचा ढीग पडायला लागला. अप्पांनी तो एकदा बघितला.

"ठेव बाबा," ते म्हणाले. "आपल्या दुकानात बी एवढ्या चपला न्हाईत."

वीरेशला आणखी हुरूप आला. एवढ्या माणसांना चित्र कसं लख्ख दिसलं पाहिजे! बाजारात वायरमन आश्रुबाला चहा पाजून पाजून त्यानं गल्लीची विजेची लाईन नीट करायला लावली. घरी कुणाला बोलला नाही. काम झालं त्या दुपारी बायकांची तोंडं बघायला तो दुकान सोडून मुद्दाम घरी आला.

तोंडं उतरलेली होती. एकट्या शिवांजलीच्या डोक्यात हेल्मेट होतं आणि ती हसत होती. बाकीच्या बायका बाहेर खांबाखाली जमल्या होत्या. आश्रुबा अजून वरच होता. रतनबाईंनी पदर सारखा केला, हात जोडले आणि ग्रामसभेतला आवाज लावला.

"वायरमनसाहेब, समस्त महिलांच्या वतीनं वीज मंडळाला नम्र विनंती हाय. ह्या गल्लीची लाईट आजवर दुपारची जशी नसायची, तशीच रोज, न चुकता, बंद करून मिळावी. लाईट असली की समद्यांना कडाच दिसतं, अन् आमाला आपापल्या माहेराला जाता येईना."