बाविसावं पान

"शेवट अगदीच गुंडाळलाय तुम्ही," इंदुमतीबाईंनी लेखकाला तोंडावर सुनावलं. पुस्तकभिशीच्या त्या अध्यक्ष. एकच प्रत पाच घरांतून फिरायची, आणि पहिला मान त्यांचा. बाकीच्या चौघी तरी कशाला मागं राहतील? एकीला नायिका फार सोशिक वाटली होती, तर दुसरीला शेवटी म्हणे रडू आवरलं नव्हतं.

लेखक बिचारा खाली मान घालून दडपे पोहे खात होता. "मग शेवट वाचूनच दाखवतो," म्हणत त्यानं खाकी कव्हर घातलेली ती प्रत उघडली. ती नेमकी बाविसाव्या पानावर उघडली, आणि तिथून एक घडी केलेला कागद टीपॉयवर पडला. इंदुमतीबाईंचा साखरेच्या तपासणीचा हरवलेला रिपोर्ट, वाचता वाचता खुणेला घातलेला. त्यासाठी त्यांनी महिनाभर नवऱ्याला फैलावर घेतलं होतं, आणि शेवटी पुन्हा रक्त काढून घेतलं होतं.

त्यांचे कान तापले. अध्यक्षपद गेलंच, असं वाटतंय तोच त्यांचं डोकं चाललं. रिपोर्ट पर्समध्ये टाकत त्या शांतपणे म्हणाल्या, "माझाच आहे. पण माझ्यानंतर महिनाभर पुस्तक तुमच्याकडंच फिरत होतं ना गं? मग तुमच्यातल्या एकीलाही हा सापडला कसा नाही?"

चौघींनी पोह्यांच्या बशीत डोकं खुपसलं. लेखकाचा चेहरा मात्र तासाभरात पहिल्यांदाच उजळला.

"म्हणजे कादंबरी अजून कुणालाच नावडलेली नाही," म्हणत त्यानं आणखी पोहे मागून घेतले.