शेवटचं नाव

"मॅडम, आधी पेढा घ्या, मग दाखवतो," वरद म्हणाला.

डॉ. विशाखाताईंनी पेढा घेतला आणि हातातच ठेवला. लातूरच्या त्यांच्या घरी भर दुपारी वरद लॅपटॉप उघडून बसला होता. शेजारी त्याची आई, शिवकन्याबाई, सोफ्याच्या अगदी कडेला टेकली होती. वरद विशाखाताईंचा विद्यार्थी. प्रयोगशाळेत नळी कशी धरायची हेसुद्धा त्यांनीच शिकवलेलं. उद्या नांदेडच्या परिषदेत तो सांगणार होता, की शेळ्यांच्या रक्तातला एक विषाणू शेळ्या पाळणाऱ्या माणसांच्या रक्तातही सापडला आहे. एचआयव्हीच्या जातकुळीतला.

विशाखाताईंनी उभी हयात याच जातकुळीमागे घालवली होती. माणसं तपासली, गाई तपासल्या, शेळ्यामेंढ्यांसाठी माळरानं तुडवली. असलं काही त्यांच्या हाती लागलं नाही, आणि या कालच्या पोराला लागलं. बातमी कळल्यापासून त्यांच्या पोटात दुखत होतं. हे दुखणं कुठलं, हे न ओळखण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या.

"लई जागला बघा ह्यो," शिवकन्याबाई म्हणाल्या. "गावाकडं शिरूरला चौकात बॅनर बी लागलाय. एवढा मोठा फोटो हाय."

"हो का? छान."

वरदने तपासणीचं चित्र उघडलं. काळ्यावर पांढरे पट्टे, एकेका माणसाच्या रक्ताचा एकेक; पट्टा उमटला म्हणजे त्या रक्तात विषाणू. सगळ्यात उजवीकडची जागा नुसत्या पाण्याची. पाण्यात विषाणू नसतो, म्हणून ती जागा कोरी राहायला हवी. ती कोरी राहिली, तरच बाकीचे पट्टे खरे. आणि ती कोरी दिसत होती.

विशाखाताईंनी सवयीने लॅपटॉपचा पडदा थोडा मागे कलता केला. कोऱ्या जागेत एक रेघ उमटली. फिकट, नखाच्या कडेएवढी. पण होती.

म्हणजे माणसांच्या रक्तात काही सापडलंच नव्हतं. प्रयोगशाळेत कुठेतरी शेळीच्या रक्ताचा अंश सगळ्या नळ्यांत गेला होता, पाण्याच्यासुद्धा. आणि पोरगं त्यालाच शोध समजून बसलं होतं.

त्यांनी पडदा पुन्हा सरळ केला. रेघ गेली.

"काही चुकलंय का, मॅडम?" वरदने विचारलं.

"नाही. सुरेख आलंय."

उद्या भरल्या सभागृहात कुणीतरी हात वर करील आणि शांतपणे विचारील, ती पाण्याची जागा जरा मोठी करून दाखवता का? विशाखाताईंना ते सभागृह दिसलं. वरदचा उतरलेला चेहराही दिसला. पोटातलं दुखणं एकदम थांबलं. त्यांनी पेढा तोंडात टाकला. पेढा फार चांगला होता, खवा चाकूरकडचा असावा.

"आता हे शेवटचं," म्हणत वरदने शोधनिबंधाचं पहिलं पान उघडलं. "तुम्हाला न विचारता केलंय, रागावू नका. रक्ताचे नमुने तुम्हीच जमवलेले होते ना."

लेखकांच्या नावांत शेवटचं नाव त्यांचं होतं. त्यांच्या जगात शेवटचं नाव मानाचं. या कामाचा गुरू कोण आणि काही चुकलं तर जाब कुणाला विचारायचा, हे सांगणारं.

विशाखाताईंनी ते नाव पुन्हा एकदा वाचलं. तोंडातला पेढा पाण्याबरोबर गिळला.

"वरद, ते चित्र परत काढ."

"कुठलं?"

"पट्ट्यांचं. पडदा मागे कर. अजून थोडा. आता पाण्याची जागा बघ."

वरदने पाहिलं. पडदा पुढे केला, मागे केला, पुन्हा पुढे केला. मग लॅपटॉप मिटला.

"काय झालं रे?" शिवकन्याबाईंनी विचारलं.

"माय, उद्याचं भाषण न्हाई व्हायचं. गफलत झालीय."

"आन् बॅनर?"

"उतरवायला सांगतो."

 शिवकन्याबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला.

"मग बघतो काय नुसता? मॅडमनी तोंडावर पडण्यापासून राखलं तुला. दुसरं कुणी असतं तर गंमत बघत बसलं असतं. पाय धर त्यांचे."

वरद खाली वाकला. विशाखाताईंनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.