फक्त गिटारचा आवाज

“ही वायर नको. माझी कुठे आहे?” नवऱ्याने विचारलं.

“पिशवीत बघ. तुझ्या सगळ्या वायरी त्यातच कोंबल्यात मी.”

“कोंबल्यास? अगं, प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावलेली होती.”

“त्या चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या. बरं वाटलं मला. पुढे बोल.”

घर सोडून त्याला दोन महिने झाले होते. आज गिटार घेऊन आला होता तो फक्त लेकीसाठी. लेक लांब हॉस्टेलवर. वाढदिवसाला आईबाबांनी दोन गिटारींवर तिचं आवडतं गाणं व्हिडिओ कॉलवर वाजवायचं, हा तीन वर्षांचा शिरस्ता. परवापासून तिचे शेवटच्या वर्षाचे पेपर होते. मागे एकदा ऐन परीक्षेत घरी भांडणं पेटली, तेव्हा पोरीचं अख्खं वर्ष बुडालं होतं. म्हणून पेपर संपेपर्यंत काडीमोडाचं तिला कळू द्यायचं नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर या दोघांचं एकमत होतं. बाकी तोंड पाहायचीही इच्छा नव्हती.

पहिल्या वर्षी नुसत्या फोनसमोर वाजवलं, तर गिटार पत्र्याच्या डब्यासारखी ऐकू गेली. मग त्याने ऑडिओ इंटरफेस घेतला. घरात त्याला डबीच म्हणत. दोन्ही गिटारी डबीत, आणि डबी वायरीने फोनला. डबीची वायर जुन्या तोंडाची, फोनचं भोक नवं, म्हणून मध्ये बोटाएवढा अडॅप्टर. एकदा का हे जोडलं की फोनचा माइक बंद आणि स्पीकरही बंद. पलीकडे जाणार फक्त गिटार. पलीकडचं बोलणं ऐकायचं तर डबीला हेडफोन लावावा लागतो. लेकीला हे सगळं ठाऊक होतं. गाणं संपून डबी काढेपर्यंत ती तोंड उघडत नसे, नुसता हात हलवायची.

बायकोने पिशवीत हात घातला, हाताला लागली ती वायर ओढली आणि अडॅप्टरमध्ये खुपसली. डबीवर हिरवा दिवा लागला.

“लागला ना? झालं तर मग.”

“एकदा ट्रायल घेऊ दे.”

“तुझ्या ट्रायलमध्ये तेवीस वर्षं गेली माझी. गप बस, सहा वाजले.”

उभा जन्म साउंडच्या धंद्यात काढलेला माणूस. ट्रायलशिवाय तो कधी साधी बेलसुद्धा वाजवत नसे. पण आज तिच्याशी आणखी एक वाक्य बोलायची त्याची तयारी नव्हती. त्याने गिटार मांडीवर घेतली.

फोन वाजला. स्क्रीनवर लेक आली, हात हलवू लागली. दोघांनी झक मारत खुर्च्या जवळ ओढल्या, तोंडभर हसले आणि वाजवायला लागले. ओठ न हलवता बोलायचं कसब ऑर्केस्ट्रातल्या दिवसांपासून दोघांच्या अंगात मुरलेलं होतं.

“सुट्टीत तिला तू ठेव,” तो हसत हसत म्हणाला. “माझी एकच खोली आहे.”

“मी का? मी बदली मागून घेतलीय. एकदाचं मोकळं होऊ दे मला.”

“आई ना तू तिची?”

“आणि तू कोण, शेजारी?” तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण बोटं बरोबर पडत होती. “तिच्यापायी सोसलं तुला. ती नसती ना, तर पहिल्याच वर्षी पाय काढला असता मी.”

“मी काय थांबलो असतो?”

स्क्रीनवर लेक हसत होती, तालात मान डोलावत होती. तिला बघून आईचा जीव भांड्यात पडला. पोर खूश आहे. पेपर तरी नीट देईल. नवऱ्याने शेवटचा सूर छेडला आणि दोघांनी गिटारी खाली ठेवल्या.

“छान वाजवलंत,” लेक म्हणाली.

डबी अजून जोडलेलीच होती, आणि आवाज फोनमधून आला होता.

आईला आधी काहीच कळलं नाही. नवरा मात्र डबीवर वाकला. त्याने वायर उचलली, दोन्ही टोकं डोळ्यांजवळ नेली.

“ही नुसती चार्जिंगची आहे,” तो म्हणाला. आता ओठ लपवायचंही त्याला सुचलं नाही. “हिच्यातून करंट जातो. आवाज नाही जात. फोनला डबी दिसलीच नाही गं. माइक पहिल्यापासून चालू होता.”

तिने फोनकडे पाहिलं. लेक अजून तशीच हसत होती, ओठ फारसे न हलवता.

“ठेवते आई, अभ्यास आहे,” ती म्हणाली. “आणि सुट्टीवरून भांडू नका. मी कुणाकडेच येत नाहीये.”